‘धर्म जोडतो की तोडतो?’ हा विषय देणाऱ्या वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

आयोजक आणि परीक्षक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत इतिहास शिकवते आणि बरीच वर्षं तुमच्या स्पर्धांसाठी मुलं तयार करते. तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे, कारण तुमच्यामुळे आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातली, घरात ज्यांची दोन वाक्यंही कुणी सलग ऐकून घेत नाही अशी मुलं माईकसमोर उभी राहतात आणि त्यांना कळतं की आपल्यालाही बोलता येतं. म्हणूनच हे लिहितेय. तुमच्या यादीत एक विषय फिरून फिरून येतो, कधी ‘धर्म जोडतो की तोडतो?’, कधी ‘धर्म : समाज बांधणारा धागा’, कधी अजून काही, पण मुळात तोच. आणि तो आला की उदाहरण ठरलेलं, रोम. बाजूने बोलणारा सांगतो की रोमन साम्राज्य कोसळलं तेव्हा धर्माने युरोपला एक ठेवलं. विरोधात बोलणारा सांगतो की धर्मामुळेच रोम खिळखिळं झालं आणि मग हजार वर्षं अंधार. दोघंही खणखणीत बोलतात, दोघांनाही मार्क पडतात, आणि दोघांनाही त्या काळातल्या एका तरी माणसाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही.

यात मुलांचा दोष नाही. विषयच असा दिलाय की दोन बाजूंपैकी एक निवडायची आणि ठोकून द्यायची. पण तो काळ असा आहे ना की त्यात नीट शिरलं तर हा प्रश्नच बदलतो, आणि आत्ता आपल्या आजूबाजूला धर्म आणि एकी हे दोन शब्द ज्या घाईने एकत्र उच्चारले जातात ते बघता मुलांनी त्यात शिरायलाच हवं असं मला फार वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आजचा ऑस्ट्रिया धरा, डॅन्यूब नदीच्या दक्षिणेचा पट्टा, तेव्हाचं नाव नोरिकम. नदी ही साम्राज्याची हद्द. काठाकाठाने तटबंदीची छोटी गावं, ठिकठिकाणी शिबंदी, आणि शिबंदीचा पगार सरकारी खजिन्यातून. ४५३ मध्ये अटिला मेला, हूणांची सत्ता फुटली, त्यांच्या हाताखालच्या टोळ्या मोकळ्या झाल्या आणि इकडे पश्चिमेकडच्या रोमचा खजिना आटत चालला. पगार यायचा थांबला. पगार थांबला की शिबंदी थांबते, एकेका गावातले सैनिक पांगले. आजचं पासाऊ म्हणजे तेव्हाचं बटाविस, तिथली तुकडी तेवढी टिकून होती. तिच्यातले काही जण राहिलेला शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले, वाटेत टोळीवाल्यांनी त्यांना मारलं, आणि गावात कुणाला काही पत्ताच नाही. मग नदीने त्यांची प्रेतं काठाला आणून टाकली तेव्हा कळलं.

मुलांना ४७६ हे साल पाठ असतं. इटलीतला टोळीवाला सेनापती ओडोआकर याने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला खाली उतरवून राज्य हातात घेतलं, सालाना सहा हजार सोन्याची नाणी लावून दिली आणि नेपल्सजवळच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं, झालं, पश्चिमेकडचं साम्राज्य संपलं. पण नदीकाठच्या माणसाला राज्य गेलं हे कसं कळतं? पगार आणायला गेलेला परत येत नाही तेव्हा कळतं. वेशीवर पहारा नसतो तेव्हा, मीठ येत नाही तेव्हा, पळवून नेलेली बायको सोडवून आणायला कुणाकडे जायचं हे समजत नाही तेव्हा कळतं. मुलांना आधी हे दाखवायला हवं, कारण धर्माने पुढे काय केलं ते याच्याशिवाय समजतच नाही.

या पट्ट्यात अटिला मेल्यानंतर थोड्याच दिवसांत एक माणूस आला. सेव्हेरिनस. कुठला, कुणाचा, कुणालाच कळलं नाही, विचारलं तर सांगायचा नाही, बोलण्यावरून लॅटिन बोलणारा आहे एवढं कळायचं. बिशपपद देऊ केलं ते त्याने घेतलं नाही. थंडीत अनवाणी फिरायचा, आणि ती डॅन्यूबची थंडी, जिथे नदी इतकी गोठते की वरून गाड्या जातात. त्याचं चरित्र युगिप्पियस नावाच्या त्याच्या अनुयायाने ५११ मध्ये लिहिलं. त्यात चमत्कार भरपूर आहेत, संतचरित्रात असतातच, आपल्याला काही नवीन नाही. पण चमत्कार बाजूला ठेवून वाचलं तर खाली जे उरतं ते म्हणजे धान्य, कपडे, होड्या, तेल, कैदी. पानोपानी तेच.

फाविआनिस नावाच्या गावात दुष्काळ पडला. गावात प्रोकुला नावाची एक घरंदाज विधवा, तिच्याकडे धान्य होतं पण तिने ते दडवून ठेवलं होतं. सेव्हेरिनसला गावकऱ्यांनी बोलावलं, आणि त्याने काय केलं तर सगळ्यांसमोर तिला विचारलं की एवढ्या मोठ्या घरची तू, हावेची गुलाम का झालीस, आणि हे धान्य माणसांना दिलं नाहीस तर उद्या डॅन्यूबमध्ये माशांना टाकायची वेळ येईल. तिने कोठार उघडलं. थोड्या दिवसांनी इन नदीच्या बर्फात अडकून पडलेल्या धान्याच्या होड्या सुटून आल्या आणि गाव तगलं. आता यात कर गोळा करणारा अधिकारी नाही, शिपाई नाही, कोर्ट नाही. एका माणसाचा नैतिक धाक आहे आणि तो धाक चालतो कारण समोरची बाईही त्याच देवाला मानते. धर्माने जोडलं म्हणजे नेमकं काय केलं याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण.

पुढे त्याने पिकाचा दहावा हिस्सा गरिबांसाठी काढायची रीत लावली. लांबच्या गावांना पत्रं पाठवून मागितलं. डोंगरापलीकडून भर बर्फातून माणसांच्या पाठीवर कपड्यांचे गठ्ठे आले, नदीकाठच्या गरिबांसाठी. तेल महाग झालं होतं तेव्हा व्यापाऱ्यांनी आणलेलं तेल गरिबांना वाटलं. पलीकडच्या काठावर टोळीवाल्यांचा आठवडी बाजार भरायचा (हो, ज्यांच्याशी मारामारी त्यांच्याशीच बाजारहाट, हे इतिहासात नेहमी असंच असतं) तिथे माणसं पाठवून पकडून नेलेल्यांचा शोध घ्यायचा, पैसे भरून सोडवायचं. अलेमानी टोळीचा राजा गिबुल्डस याच्याकडून पुष्कळ कैदी सोडवले, त्यासाठी एक डीकन (पुरोहिताच्या खालचा धर्मसेवक) आणि एक पुरोहित अशा दोन माणसांनी खेपा घातल्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. नदीपलीकडे रुगी नावाची टोळी होती. तेही ख्रिस्तीच, पण एरियन पंथाचे, म्हणजे इकडच्या कॅथोलिकांच्या नजरेत पाखंडी. ही फूट किरकोळ नव्हती, येशूचं देवत्व पित्याच्या बरोबरीचं आहे की नाही यावर तो वाद होता आणि याच वादावरून आफ्रिकेत व्हँडल राजा ह्युनेरिकने ४८४ मध्ये कॅथोलिकांचा छळ केला. तर या रुगींचा राजा फ्लाक्सिथियस सेव्हेरिनसकडे आला, गॉथ लोक आपल्याला इटलीला जाऊ देत नाहीत, आपला जीव धोक्यात आहे, काय करू म्हणून विचारायला. सेव्हेरिनसने दिलेल्या उत्तराचा आशय असा की आपला धर्मपंथ एक असता तर तू मला परलोकाबद्दल विचारायला हवं होतंस, पण तू विचारतोयस या जन्मातल्या सुखरूपतेबद्दल, आणि ती तर आपल्या दोघांची सारखीच आहे, तेव्हा ऐक. आणि मग त्याने सल्ला दिला.

हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण इथे जोडणारा माणूस धर्माचाच आहे, पूर्ण आयुष्य त्याला दिलेला, आपला पंथ एक नाही हेही तो लपवत नाही, आणि तरीही समोरच्याला दारातून परत पाठवत नाही. दोघांच्यात सामाईक काय आहे ते शोधतो आणि तिथे पाय रोवतो. तुमच्या विषयाच्या दोन बाजूंपैकी हे कुठल्या बाजूला बसवणार?

शेवटी नदीच्या वरच्या अंगाची गावं राखणं अशक्य झालं. क्विंटानिसची माणसं बटाविसला आली, तिथून लॉरिआकमला, म्हणजे आजच्या लॉर्खला. जी मागे बटाविसलाच थांबली त्यांना थुरिंगियन टोळीने मारलं किंवा धरून नेलं. मग रुगींचा पुढचा राजा फेलेथियस सैन्य घेऊन आला, एवढी निर्वासित माणसं आयती मिळतायत, उचलून आपल्या गावात नेऊन बसवू म्हणून. सेव्हेरिनस रात्रभर चालून त्याला वाटेतच गाठतो आणि गळ घालतो की तलवारीने नेऊ नकोस, मी माझ्या शब्दावर त्यांना आणतो. आणि तसंच झालं. ४८२ च्या ८ जानेवारीला तो गेला. ४८८ मध्ये ओडोआकरच्या हुकुमाने तिथले रोमन लोक इटलीला हलवले गेले तेव्हा लोकांनी त्याचा देह बरोबर घेतला. मजल दरमजल करत तो शेवटी नेपल्सजवळ लुकुल्लानुमला पोचला, तोच किल्ला जिथे शेवटच्या सम्राटाला ठेवलं होतं. तिथे मठ झाला, युगिप्पियस त्याचा प्रमुख झाला, आणि त्या मठात जुनी हस्तलिखितं नकलून ठेवायचं मोठं काम झालं.

आणि हो, ओडोआकरही याच्याकडे येऊन गेलेला, तरुण असताना, साध्या कातड्याच्या कपड्यात, इतका उंच की झोपडीत वाकून उभं राहावं लागलं. सेव्हेरिनसने त्याला आशीर्वाद देऊन सांगितलं की जा इटलीला, आज अंगावर कातडी आहेत पण उद्या तू पुष्कळांना पुष्कळ देशील. ज्या माणसाने साम्राज्य संपवलं त्यालाही यानेच वाटेला लावलं, असं निदान चरित्रकार सांगतो. मुलांना ही गोष्ट किती आवडते बघा सांगून.

सेव्हेरिनस एकटा नव्हता म्हणून अजून दोन-तीन ठिकाणं सांगते. गॉल म्हणजे आजचं फ्रान्स. गॉथांनी शेतं जाळली तेव्हा लिओंचा बिशप पेशन्स याने स्वखर्चाने धान्याच्या होड्या नदीतून खालच्या शहरांना पाठवल्या. आर्लचा बिशप सीझेरियस, ५०८ च्या सुमाराला शहराचा वेढा उठल्यावर ऑस्ट्रोगॉथांनी (गॉथांचीच एक शाखा) शत्रूकडचे कैदी शहरात आणले, फ्रँक आणि बर्गुंडी, म्हणजे कालपर्यंत याच शहरावर चालून आलेले. चर्चेस त्यांनी भरून गेली. सीझेरियसने त्यांना जेवू घातलं, कपडे दिले, आणि सोडवायला पैसे कमी पडले तेव्हा चर्चमधली चांदी वितळवली, धूपपात्रं, पूजेचे पेले, खांबांवरची आणि कठड्यांवरची चांदी कुऱ्हाडीने तोडून काढली, त्याचे घाव पुढे दिसत होते असं त्याच्या चरित्रात लिहिलंय. देवळातली चांदी शत्रूच्या सैनिकासाठी! मला नाही वाटत कुठल्याही स्पर्धेत कुणी मूल हे बोललंय.

मग रोम. एके काळी दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर सहाव्या शतकाच्या शेवटी काही दहा हजारांवर आलेलं. ५३७ च्या वेढ्यात गॉथांनी पाणी आणणारे कालवे तोडले, पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याच्या इटलीतल्या लढाया वीस वर्षं चालल्या, ५६८ पासून लोम्बार्ड टोळीवाले आले, आणि ५९० मध्ये प्लेग, त्यात पोपही गेले. तेव्हा ग्रेगरी पोप झाला. हा आधी शहराचा प्रीफेक्ट होता, म्हणजे कारभार कसा चालतो हे हाताने केलेला माणूस. त्याची साडेआठशेच्या वर पत्रं आज शिल्लक आहेत आणि ती वाचली की धर्मगुरूची पत्रं वाचतोय की जिल्ह्याच्या पुरवठा अधिकाऱ्याची असा प्रश्न पडतो. सिसिलीत चर्चच्या जमिनी होत्या, तिथलं धान्य रोमला यायचं. तिथल्या आपल्या माणसाला, पीटरला, तो ५९१ मध्ये लिहितो की कुळांकडून धान्य घेताना मोठं माप वापरलं जातंय ते बंद कर, अठराचं माप म्हणजे अठराचंच, आणि कुळांच्या लग्नावर जी फी उकळतात ती एका सोन्याच्या नाण्याच्या वर जाता कामा नये, गरिबाकडून तर त्याहून कमी घे. रोममध्ये कुणाला किती मदत मिळते याची नावानिशी वही ठेवलेली होती आणि ती वही तीनशे वर्षांनंतर त्याच्या चरित्रकाराने पाहिली होती.

लोम्बार्ड राजा अजिलुल्फ रोमवर चालून आला तेव्हा ग्रेगरीने चर्चच्या तिजोरीतून पैसे देऊन त्याला परतवला. कॉन्स्टँटिनोपलला सम्राट होता, पण लांब होता. म्हणजे जिथे राज्य असायला हवं होतं ती जागा रिकामी होती आणि जे शिल्लक होतं त्याने ती भरली. हे का जमलं याचं साधं उत्तर आहे, चर्चची रचनाच रोमन शहरांवर बेतलेली होती, प्रत्येक शहराला एक बिशप, प्रांताला मुख्य बिशप, त्यांच्यात पत्रव्यवहार, ठरावीक काळाने बैठक. वरचं साम्राज्य गेलं तरी हा सांगाडा उभा राहिला. वसईला आणि गोव्याला आजही धर्मप्रांत आणि त्याखालची धर्मग्रामं असा जो कारभार चालतो तो याच सांगाड्याचा, तिथल्या मुलांना तर हे घरातलं उदाहरण आहे.

आणि इंग्लंड बघा. रोमन तिथून पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच गेले, नंतर सात-आठ लहान राज्यं, रोजची भांडणं. नॉर्दम्ब्रियाच्या राजवाड्यात राजा ऑस्वी ईस्टर साजरा करून जेवतोय आणि राणी एनफ्लेड अजून उपवास धरून आहे, कारण दोघांच्या परंपरेत ईस्टरची तारीख वेगळी. यावर ६६४ मध्ये व्हिटबीला बैठक बसली आणि तारीख ठरली. मग कँटरबरीला आर्चबिशप म्हणून आला थिओडोर, आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससचा, साठी उलटलेला, आणि त्याच्याबरोबर हेड्रियन, आफ्रिकेत जन्मलेला. या परक्या म्हाताऱ्या थिओडोरने ६७० च्या दशकात हर्टफर्डला वेगवेगळ्या राज्यांच्या बिशपांना एका बैठकीत बसवलं, ईस्टर सगळ्यांचा एका दिवशी, दर वर्षी बैठक, कुणी कुणाच्या हद्दीत ढवळाढवळ करायची नाही. सगळ्या इंग्लंडचा एक राजा व्हायला त्यानंतर अडीचशे वर्षं लागली. देश नव्हता तेव्हा कॅलेंडर एक झालं होतं, आणि पंचांगावरून घराघरात दोन एकादश्या पाहिलेल्या आपल्या माणसांना याचं महत्त्व कुणी वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की बाई म्हणजे ‘जोडतो’च्या बाजूच्या दिसतात. थांबा.

स्पेनमध्ये व्हिसिगॉथ (गॉथांचीच दुसरी शाखा) राजे एरियन, आणि प्रजेतले बहुतेक रोमन कॅथोलिक. राजा रेकारेड कॅथोलिक झाला आणि ५८९ मध्ये टोलेडोला भरलेल्या बिशपांच्या तिसऱ्या परिषदेत त्याने संपूर्ण राज्याचा पंथ एक केल्याचं जाहीर केलं. राजा आणि प्रजा, गॉथ आणि रोमन यांच्यातली मोठी भिंत पडली, हे खरं. पण एक धर्म म्हणजेच एक राज्य असं एकदा ठरलं की जो त्या धर्मात नाही त्याचं काय? स्पेनमध्ये यहुदी पिढ्यान् पिढ्या राहत होते. त्याच परिषदेपासून त्यांच्यावरची बंधनं वाढायला लागली, पुढे राजा सिसेबुटने त्यांना बळजबरीने बाप्तिस्मा घ्यायला लावला, आणि ६९४ च्या परिषदेत तर ठरलं की यहुद्यांना गुलाम करायचं आणि सात वर्षांची झालेली त्यांची मुलं काढून घेऊन ख्रिस्ती घरात वाढवायची. सात वर्षांची. माझ्या वर्गातल्या दुसरीतल्या पोरांएवढी. एकीच्या नावाने हे झालं, बिशपांच्या सहीने झालं. आणि ते राज्य टिकलं का? ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून सैन्य आलं, राजा रोडरिक लढाईत पडला, गादीसाठी आपापसात भांडणाऱ्या सरदारांना एकत्र उभं राहता आलं नाही आणि काही वर्षांत व्हिसिगॉथ राज्य संपलं. एक पंथ होता, सव्वाशे वर्षं होता, त्याने सरदारांना एकत्र ठेवलं नाही.

आणि ग्रेगरी, ज्याचं मी एवढं कौतुक केलं, तो यात कुठे होता? ५९८ मध्ये पालेर्मोच्या बिशपने यहुद्यांची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, बळकावली तेव्हा त्याने भरपाई द्यायला लावली, दक्षिण गॉलमधल्या बिशपांना ५९१ मध्ये बजावलं की बळजबरीने बाप्तिस्मा देऊ नका. पण याच ग्रेगरीने रेकारेडला पत्र लिहून त्याचं कौतुक केलं, त्यात यहुद्यांच्या विरोधातला कायदा त्यांनी पैसे देऊ केले तरी मागे घेतला नाहीस याबद्दलही कौतुक आहे. एकाच माणसाची दोन पत्रं. मुलांना ही दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवा, त्यांना समजतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त समजतं.

तर मला जे दिसतं ते असं. एक एकी कामातून येते, कोठार उघडून, कैदी सोडवून, माप खरं ठेवून, आणि अशी एकी पंथाच्या पलीकडे पोचते, रुगी राजापर्यंत पोचते, कालच्या शत्रूपर्यंत पोचते. दुसरी एकी फर्मानातून येते, राज्य आधीच हातात असतं आणि त्याला शिक्का हवा असतो. चीनमध्येही बघा, हान घराणं २२० मध्ये संपल्यावर साडेतीनशे वर्षं देश बहुतेक काळ फुटलेला, त्या काळात बौद्ध मठांनी आणि भिक्षूंनी लोकांना धरलं, उत्तरेत आणि दक्षिणेत दोन्हीकडे. मग सुई वंशाचा सम्राट वेन याने ५८९ मध्ये देश जोडला आणि ६०१ मध्ये बुद्धाचे अवशेष तीस ठिकाणी पाठवून एकाच वेळी स्तूप उभारायला लावले. आधी काम, मग शिक्का. शिक्का नेहमी वाईटच असतो असं नाही म्हणत, पण शिक्क्याला पाहून काम झालं असं समजणं ही जी चूक स्पर्धेतली भाषणं करतात ती बाहेर मोठी माणसंही करतात, रोज करतात.

आपल्याकडचं म्हणाल तर तो काळ प्राचीन नाही, तरी मुलं यादवांचं उदाहरण देतातच आणि द्यावंही. देवगिरीचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला गेलं आणि वारी चालू राहिली, पंढरपूरच्या वाटेने मराठी मुलूख एक राहिला. बरोबर. पण मग तेच भाषण पुढे न्या. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत पडून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, आणि समाधी बांधली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. आत जायला त्यांच्या माणसांना १९४७ उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्यात दहा दिवस उपोषणाला बसावं लागलं. नामदेवांनी अस्थी आणल्या हेही वारीच, आणि सहाशे वर्षं दार बंद राहिलं हेही त्याच क्षेत्रात. जो मुलगा ही दोन्ही वाक्यं एका श्वासात बोलेल त्याला तुम्ही ‘बाजू स्पष्ट नाही’ म्हणून मार्क कापू नका, एवढं तरी कराल का?

आता माझ्या मागण्या. पहिली, हा विषय ‘की’ लावून देऊ नका. ‘राज्य कोसळल्यावर लोकांना कुणी आणि कसं धरून ठेवलं?’ असा द्या, नाहीतर सरळ ‘बटाविसच्या सैनिकांचा पगार’ असा द्या आणि मुलांना शोधू दे. विषय आठवडाभर आधी न देता निदान महिनाभर आधी द्या, म्हणजे गावाकडच्या मुलांनाही ग्रंथालयातून पुस्तक मागवून वाचायला वेळ मिळेल, शहरातल्या मुलांसारखं सगळ्यांच्या हातात दिवसभर नेट नसतं.

दुसरी, परीक्षणाच्या कागदावर आवाज, हावभाव, पाठांतर यांचे रकाने आहेत, त्यात एक रकाना ‘माणूस’ असा घाला. भाषणात एक तरी खरा माणूस, खऱ्या गावातला, खरं काहीतरी करताना दिसला का? आणि ‘किंमत’ असा अजून एक रकाना घाला, या एकीच्या बाहेर कोण राहिलं आणि त्याचं काय झालं हे मुलाने सांगितलं का? दहा-दहा मार्क ठेवा. आवाजाचे थोडे कमी करा, आवाज देवाने दिलेला असतो, वाचन मुलाने केलेलं असतं.

तिसरी, भाषण झाल्यावर परीक्षकांनी एक प्रश्न विचारायची पद्धत सुरू करा. पाडायला नको, बोलतं करायला. सेव्हेरिनसने रुगी राजाला दिलं तसं उत्तर आज कोण कुणाला देऊ शकेल, असं एखाद्या नववीतल्या मुलीला विचारा आणि मग तिला हवा तेवढा वेळ द्या, घड्याळाकडे बघू नका.

या पत्रातल्या गोष्टींची मी मराठीत टिपणं केली आहेत, सेव्हेरिनसच्या चरित्रातले प्रसंग, ग्रेगरीची ती दोन पत्रं, टोलेडोचे ठराव, सगळं मुलांना वाचता येईल अशा भाषेत. ज्या मंडळाला विषयाबरोबर वाटायला हवी असतील त्यांनी खाली तसं लिहा, मी पाठवते, माझं नाव घालायची गरज नाही. या वर्षीच्या फेऱ्यांचे विषय तुम्ही दिवाळीच्या आधी ठरवता, त्याच्या आत कळवलंत तर टिपणांच्या प्रती काढून ठेवता येतील.

तुमची,
एक इतिहासाची शिक्षिका